खिडकीतून आत आलेली दोरी

वेचणी सुरू झाली की रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस लागतो. गाड्यांमधून, हल्ली टेम्पोंमधून, दाबून भरलेल्या कापसाचे पुंजके काट्यांना अडकतात आणि दोन-दोन महिने तसेच लोंबत राहतात. मागच्या आठवड्यात नणंदेच्या नातवाच्या बारशाला जळगावहून चोपड्याला निघाले होते. एसटीत खिडकीची जागा मिळालेली, ऊन कोवळं, हातात शेंगदाण्याची पुडी, म्हणजे सुखात काही कमी नव्हतं. तेवढ्यात एका वावराच्या बांधावर बाभळीला लुगड्याची झोळी बांधलेली दिसली. शेजारी सात-आठ वर्षांची एक मुलगी उकिडवी बसून झोळीची दोरी ओढत होती. एसटी पुढे गेली, पण मला पुढचा शेंगदाणा काही खाववेना.

लोकांना हंगाम आला की आठवणी येतात, मला लाज येते. बिचाऱ्या कापसाचा त्यात काही दोष नाही. तो दरवर्षी वेळेवर फुटतो, वेळेवर वेचला जातो. दिवाळीचे आकाशकंदील उतरले, दुसरं सत्र सुरू झालं, पहाटे गोधडी जड वाटायला लागली की माझं मन त्या दोन खोल्यांच्या शाळेच्या ओसरीत जाऊन उभं राहतं आणि आत जायचं धाडस करत नाही. आता तर निवृत्तही झाले. पेन्शन वेळेवर मिळते, गुडघे दुखतात, माजी विद्यार्थी रस्त्यात वाकून नमस्कार करतात. कुणी वाकलं की मी पटकन मागे सरते. लोकांना वाटतं, बाई फार साध्या आहेत.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटाची गोष्ट. चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी एका गावात मी तिसरी-चौथीची बाई होते. गावाचं नाव लिहीत नाही, कारण गावाने काही केलेलं नाही. धुळ्याला डी.एड. करून नुकतीच लागलेली, वय तेवीस, साडीला कडक स्टार्च आणि स्वभावालाही. शाळेत शिक्षक दोनच. दुसरे नाना गुरुजी, मुख्याध्यापक. पन्नाशी उलटलेले, गावातल्या प्रत्येक घरातली एक तरी पिढी त्यांच्या हाताखालून गेलेली. टोपी खुंटीला टांगून ते पहिली-दुसरीला पाढे म्हणायला लावायचे आणि सत्तावीसच्या पाढ्यापर्यंत त्यांना डुलकी लागायची. मला वाटायचं, या माणसाला शिक्षणातलं काही कळत नाही. हे मी धुळ्याच्या मैत्रिणीला पत्रातही लिहिलं होतं.

त्या वर्षीच्या श्रावणातली एक दुपार. मधली सुट्टी संपवून मी वर्गाकडे आले तर तिसरी-चौथीची सगळी पोरं माठाभोवती उभी. माठात ओगराळं पडलं होतं. तीस पोरं तहानलेली, आणि तीसही पोरं माठात डोकावून बघत होती. कुणी हात घालेना, कारण हात घातला तर पाणी विटाळतं आणि नाना गुरुजी मारतात. कुणी दुसरं काही करेना. ही तीच पोरं, ज्यांना ‘गाय हा एक उपयुक्त पाळीव प्राणी आहे’ हा निबंध झोपेतही म्हणता येत होता. मी चिमट्याने ओगराळं काढलं, पोरं पाणी प्यायली, आणि मी मात्र दिवसभर अस्वस्थ राहिले. आपण यांना शिकवतो तरी काय, असं मनात येत होतं.

त्यातून ती वही निघाली. शंभर पानी, रेघांची, प्रत्येकाची वेगळी. पोरांनीच तिला नाव दिलं, ‘मग काय वही’. रोज सुट्टीनंतर अर्धा तास. आपल्याला आलेली एक अडचण लिहायची. खाली ‘मग काय?’ असं लिहायचं आणि त्याखाली सुचतील ते उपाय. मग एकेक उपाय मनात करून बघायचा. जो जमणार नाही त्याच्यावर काट मारायची आणि का जमणार नाही ते शेजारी लिहायचं. उरेल तो खरा. भाषा घरची चालेल, शुद्धलेखनाला त्या अर्ध्या तासात सुट्टी. एवढेच नियम होते.

पहिले पंधरा दिवस सगळ्यांची अडचण एकच, ‘मला पेन नाही’. मग हळूहळू झाकण उघडलं. एकाने लिहिलं, शेळी वही खाते. उपाय, शेळीला मारावे. काट, शेळी मार खाते आणि वहीपण खाते. दुसरा उपाय, आधी शेळीला चारा द्यावा मग अभ्यासाला बसावे. एकाची अडचण अशी की खेळ रंगात आला की आजोबा बिडी आणायला दुकानावर पाठवतात. उपाय, दोन बंडलं एकदम आणून ठेवावीत. काट, आजोबा दोन्ही ओढतील आणि आजी मला बोलेल. आणि चौथीतल्या एका धीट मुलीने लिहिलं, नाना गुरुजींना डुलकी लागते. मग काय? लागू द्यावी. तेव्हा आम्ही खेळतो, म्हणून ही अडचण नाही. ते पान मी नाना गुरुजींना दाखवलं. ते पोट धरून हसले आणि म्हणाले, “बाई, ही पोरगी पुढे जाईल.”

त्या वहीतून मी जे शिकले ते मला कुठल्याच पुस्तकाने शिकवलं नव्हतं. लहान मुलाला अडचण आली की तो रडतो, रुसतो किंवा गप्प बसतो. ती अडचण त्याच्या सगळ्या अंगाला चिकटलेली असते. पेन्सिलीने कागदावर उतरवायला बसला की तिला सुरुवात आणि शेवट येतो. ‘मी शाळेत येत नाही’ एवढं लिहून वाक्य थांबत नाही, पुढे ‘कारण’ येतं, कारणाच्या मागे दुसरं कारण येतं, आणि कुठेतरी असं कारण सापडतं ज्याला हात लावता येतो. आठ वर्षांच्या पोराला हे जमतं. फक्त मोठ्या माणसाने ते पान वाचून झाल्यावर काहीतरी करायचं असतं. हे शेवटचं वाक्य मला तेव्हा येत नव्हतं.

इंदू तिसरीत होती. सावळी, बारीक, दोन वेण्या लाल रिबिनीने वर बांधलेल्या, आणि समोरच्याकडे बघताना डोळे जराही न हलवणारी. घरात आई, वडील, एक डोळ्यांनी अधू झालेली आजी आणि आठ महिन्यांची बहीण, छबी. फार बोलायची नाही. वहीत मात्र तिचा हात धावायचा. तिच्या पानावर काट मारलेले उपाय सर्वांत जास्त असायचे. दुसरी पोरं पहिल्या उपायावर खूश होऊन पेन्सिल खाली ठेवायची, ही स्वतःचेच उपाय स्वतः पाडत बसायची. मी तिला चिडवायचे, “इंदू, अशाने तुझी अडचणच तुझ्यावर रागावेल.” ती मान खाली घालून हसायची.

मग वेचणी आली. आमच्याकडे वेचणीत शाळा कशी चालते, हे बाहेरच्याला सांगितलं तर पटत नाही. सकाळी अंगावर धुकं असतानाच बाया ओट्या बांधून वावराकडे निघायच्या आणि त्यांच्यामागे पोरं. शाळा त्याच वाटेवर. जाता जाता पोरं दारात यायची, आत तोंड घालायची आणि ओरडायची, “गुरुजी, मी उनू व्हतू हां!” म्हणजे मी आलो होतो. नाना गुरुजी मान हलवायचे आणि वहीत ‘ह’ मांडायचे. याला गावात ‘तोंड दाखवणं’ म्हणत. तोंड दाखवलं की हजर. नाव कटत नाही, वर्ष बुडत नाही आणि घरचं कामही अडत नाही. मी नवी असताना यावर तावातावाने भांडले होते. नाना गुरुजी शांतपणे म्हणाले होते, “बाई, नाव वहीत राहिलं तर पोर माघारी येतं. एकदा कटलं की मग ते कुणाचंच नसतं.” मी तोंड वाकडं करून निघून गेले होते.

इंदूही यायची तोंड दाखवायला. कडेवर छबी, खांद्यावर झोळीचं जुनेर. इतकी लहान पोर कापूस वेचायला जात नाही, हे शहरातल्या माणसांना ठाऊक नसतं. ती बांधावर झोळीपाशी बसते. आईचे दोन्ही हात कापसात असतात, म्हणून पोरीचे दोन्ही हात झोळीत. “बाई, मी उनी व्हती हां,” ती म्हणायची. पण ती बाकीच्यांसारखी लगेच पळायची नाही. फळ्यावर काय लिहिलंय ते वाचून घ्यायची. कधी छबीने केस ओढले तरी डोळे फळ्यावरच.

एका शनिवारी सकाळची शाळा होती. आई घरी लिंपायला थांबल्यामुळे इंदू पूर्ण वेळ वर्गात बसली, आणि त्या दिवशी तिने ते पान लिहिलं. मला ते आजही तोंडपाठ आहे, कारण पुढे मी ते फार ठिकाणी वाचून दाखवलं.

अडचण, मी शाळेत येत नाही कारण छबी रडते. मग काय? आजीजवळ ठेवावी. काट, आजीला दिसत नाही, छबी चुलीकडे रांगते. शेजारच्या काकूजवळ ठेवावी. काट, काकूपण वेचायला जाते. छबीला शाळेत आणावी आणि मांडीवर घ्यावी. काट, ती पेन्सिल खाते आणि माझा हात गुंततो. आणि मग काट नसलेला उपाय. शाळेच्या ओसरीत झोळी बांधावी. झोळीची दोरी लांब करून खिडकीतून आत घ्यावी. मी खिडकीजवळ बसेन. दोरी पायाच्या अंगठ्याला बांधीन. पाय हलवला की झोळी हलेल आणि हात लिहायला मोकळा राहील. खाली चित्र होतं. ओसरीचा वासा, झोळी, खिडकीचे गज, आणि एक मुलगी, जिचा एक पाय बाकीच्या अंगापेक्षा मोठा काढला होता.

मी ते पान वाचून अक्षरशः नाचले. लाल शाईने खाली लिहिलं, ‘उत्तम!’ दोन रेघा ओढल्या. वही कपाटात वरच्या बाजूला ठेवली. आणि इंदूला म्हणाले, “शाब्बास.” बस्स. त्या पोरीने मला काहीतरी विचारलंय, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. मी निबंध तपासला होता.

मार्गशीर्षात विस्तार अधिकारी साहेब येणार असल्याचा निरोप आला. त्यांना माझ्या वहीबद्दल कुणीतरी सांगितलं होतं आणि खास ती बघायला ते येणार होते. मला आठ दिवस धड झोप नाही. शाळा सारवून घेतली, तक्ते लावले, पोरांच्या घरोघरी जाऊन सांगितलं की गुरुवारी एक दिवस तरी पोरं वावरात नेऊ नका, साहेब येणार आहेत. गाव मोठं समजूतदार. बाया म्हणाल्या, “बरं बाई, एक दिन रिकामा जाई ते काय व्हई.” इंदूच्या आईला मी सांगितलं नव्हतं. मुद्दाम टाळलं होतं असंही नाही. तिचं घर गावाच्या पार टोकाला होतं आणि तोवर अंधारून आलं होतं.

गुरुवारी पहाटे मी शाळा उघडली, रांगोळी काढली, वह्या मांडल्या, घरी जाऊन साडी बदलून आले, तर इंदू माझ्याही आधी. ओसरीत वाशाला झोळी बांधून झालेली. त्यात छबी, डोळे मिटून, अंगठा तोंडात. झोळीची दोरी खिडकीच्या गजातून आत गेलेली. इंदू खिडकीजवळच्या बस्करावर बसलेली, दोरी पायाला, वही मांडीवर. पाय हलत होता आणि पेन्सिल चालत होती.

“बाई, देखा,” ती म्हणाली. “आते हात मोकळा शेतस.”

इतक्या दिवसांत तिचे दात मी पहिल्यांदा नीट पाहिले, इतकी ती हसत होती. नाना गुरुजी आले, त्यांनी ओसरीत थांबून झोळीला हळूच एक हेलकावा दिला, “भलतंच डोकं शे हो पोरनं,” म्हणाले, आणि हजेरीच्या वहीत तिच्यापुढे ‘ह’ मांडला. त्या हंगामातला तिचा तो दुसराच खरा ‘ह’.

आणि मला काय दिसलं? मला ओसरी दिसली. आत येताना साहेबांना पहिल्यांदा जी दिसणार होती ती सारवलेली, रांगोळी काढलेली ओसरी, आणि तिच्या मधोमध मळक्या लुगड्याची झोळी, खाली ओलं. साहेब काय म्हणतील? बाई शाळा चालवतात की पाळणाघर? मला त्या झोळीची लाज वाटली. आज ज्या लाजेने मी हे लिहितेय ती वेगळी आहे, पण पहिली लाज ती होती आणि ती चुकीच्या माणसाची होती.

मी इंदूजवळ गेले. आवाज गोड ठेवला, हे मला चांगलं आठवतं. म्हणाले, “इंदू, आज नाही गं. आज साहेब आहेत. तू छबीला घेऊन मागे लिंबाखाली बस. साहेब गेले की मी बोलावते.”

तिने माझ्याकडे बघितलं. “बाई, तुम्ही लिखेल शे ना, उत्तम.”

“हो गं, उत्तमच आहे. पण आज नको. आणि छबीला रडू देऊ नको, हं.”

तिने पायाची दोरी सोडली. तिची गाठ पक्की बसली होती, सुटेना, म्हणून मीच वाकून सोडवली. तिने झोळी सोडली, झोपलेली छबी खांद्यावर घेतली आणि शाळेच्या मागे गेली. जाताना वही बस्करावर नीट ठेवून गेली, कारण वह्या साहेबांना दाखवायच्या आहेत असं मी तोंड दाखवायला येणाऱ्या पोरांनाही सांगितलं होतं.

साहेब मोटारसायकलवरून आले. भला माणूस होता, उगाच कशाला नावं ठेवू. पोरांशी बोलले, शेळीची अडचण वाचून खदखदा हसले, वह्या उलटत गेले. मी स्वतः उचलून इंदूची वही त्यांच्या हातात दिली. ते पान उघडूनच दिली. त्यांनी ते एकदा मनात वाचलं, मग मोठ्याने वाचलं, चित्राकडे बघत राहिले. मग चष्मा काढून म्हणाले, “बाई, हे तुम्ही सांगितलेलं नाही ना?”

“नाही साहेब. तिचं तिनेच.”

“कुठंय ही मुलगी? मला बघायचीय.”

मागची खिडकी उघडी होती. खिडकीखाली लिंब, आणि लिंबाखाली ती. मला एक पाऊल टाकून हाक मारायची होती, इतकंच. पण हाक मारली असती तर ती बाहेर का, हे सांगावं लागलं असतं.

“आज आली नाही, साहेब,” मी म्हणाले. “वेचणीचे दिवस आहेत.”

वर्गात तीस पोरं बसली होती. एकही बोललं नाही. शिकवलेलं होतं ना मीच, साहेब आल्यावर विचारल्याशिवाय बोलायचं नाही. आणि त्याच क्षणी मागून छबीचा आवाज आला, उठल्यावर लहान मूल जसं कुरकुरतं तसा, मग जोरात.

“लेकरू रडतंय कुणाचं?” साहेबांनी विचारलं.

“शेजारच्या घरातलं असेल.”

रडणं एकदम थांबलं. मला हायसं वाटलं, इतकं की मी मनात इंदूला शाब्बास म्हणाले. ते रडणं का थांबलं असेल, कसं थांबवलं असेल आणि थांबवणारीने त्याआधी काय काय ऐकलं असेल, हे मला कळायला संध्याकाळ व्हावी लागली. गावातल्या लोकांनी साहेबांसाठी भरीत-पुरीचा बेत केला होता. वांगी पऱ्हाटीच्या, कापसाच्या वाळक्या झाडांच्या, काड्यांवर भाजलेली, वर हिरवी पात. साहेब जेवताना म्हणाले, “बाई, तुमच्यासारखी माणसं इथे कोपऱ्यात कशाला? जूनमध्ये जळगावजवळ जागा निघतील. अर्ज करा, मी शिफारस लिहितो.” मी तिसऱ्यांदा भरीत वाढून घेतलं. गप्पा रंगल्या. साहेबांना निरोप दिला. उन्हं कलल्यावर शाळेला कुलूप लावायला आले तेव्हा आठवलं की मी कुणाला तरी ‘बोलावते’ म्हणाले होते.

लिंबाखाली कुणी नव्हतं. माती ओली होती तिथे अंथरलेल्या झोळीचा ठसा होता.

नाना गुरुजी ओसरीत टोपी झटकत उभे होते. मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, आणि तेही अगदी साध्या आवाजात, “बाई, मी आयुष्यभर खोटी हजेरी लावली. तुम्ही आज खोटी गैरहजेरी लावली.” मग टोपी घालून घरी गेले. त्यानंतर त्यांनी तो विषय कधी काढला नाही.

दुसऱ्या दिवशी पोरं नेहमीसारखी वाटेवरून गेली, तोंडं दाखवून गेली. नाना गुरुजींनी दाराकडे दोनदा बघितलं, थोडं थांबले, आणि इंदूच्या नावापुढे ‘ग’ लिहिला. तिसऱ्या दिवशीही. आठवडाभर त्या नावापुढे एकच अक्षर उतरत गेलं.

पुढचं सांगायला सोपं आहे, कारण ते मी अनेकदा सांगितलं आहे. साहेबांनी इंदूच्या पानाच्या सायक्लोस्टाइल प्रती काढल्या, चित्रासकट, आणि त्या तालुक्यातल्या शाळाशाळांत गेल्या. चोपड्याला प्रशिक्षणात मला टेबलापाशी उभं करून बोलायला लावलं. पुढे नव्वदच्या दशकात मी जळगावला, धुळ्याला, एकदा तर पिंपळनेरच्या शिक्षकांपुढेही ‘लेखनातून विचार करायला कसं शिकवावं’ यावर बोलले. प्रत्येक वेळी शेवटी ते पान वाचायचे. प्रत्येक वेळी टाळ्या पडायच्या. गोष्ट मी पायाच्या अंगठ्याला दोरी बांधण्यापर्यंत सांगायचे आणि तिथे थांबायचे. एकदा एका तरुण शिक्षकाने विचारलं, “बाई, मग त्या मुलीचं पुढे काय झालं?” मी म्हणाले, “फार हुशार होती.” त्याने मान डोलावली आणि लिहून घेतलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते काय असतं, मला त्या म्हणीचा अर्थ कुणी विचारू नये.

इंदू पुन्हा शाळेत आली नाही. जूनमध्ये मी जळगावजवळच्या शाळेत रुजू झाले आणि त्याच जूनमध्ये तिचं नाव पटावरून कमी झालं. नाना गुरुजी पंधरा-सोळा वर्षांनी जळगावला दवाखान्यात आले होते तेव्हा भेटले. म्हणाले, तिचं सोळाव्या वर्षी लग्न झालं, शिरपूरकडे दिली. छबी मात्र दहावी झाली. मी आनंद झाल्यासारखं काहीतरी बोलले. शिरपूर काही विलायतेत नाही. जळगावहून सकाळी निघालं तर दुपारी पोचून संध्याकाळी परत येता येतं. वीसहून जास्त वर्षं मी ते अंतर मनात मोजते आहे आणि दरवेळी गुडघ्यांचं कारण सापडतं. चाळिशीत होते तेव्हा गुडघे ठणठणीत होते, तेव्हा परीक्षांचं कारण होतं.

पण तिच्या घरी एकदा मी गेले होते. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, नाना गुरुजींनाही नाही. संक्रांत होऊन गेली होती, वेचणी सरत आली होती. हातात तिळगुळाची पुडी घेतली, कारण रिकाम्या हाताने जायला धजावत नव्हते. बदलीचा अर्ज त्याच आठवड्यात टाकला होता. घरापुढे पऱ्हाट्यांचा ढीग रचला होता आणि इंदू त्या मोडून मोळ्या बांधत होती. छबी तिच्या पाठीला धरून उभी राहायला शिकत होती.

आई लगबगीने बाहेर आली, हात पदराला पुसत. “या बाई, बसा. काय व्हयनं? पोरनी काही करं का?”

“नाही हो. तिने काही नाही केलं.”

“मंग ती शायले जास नही, म्हनीसन तुम्हले राग उना व्हई. मी सांगी थकनी बाई. जाय म्हनं ते गप बसस.”

मी इंदूला जवळ बोलावलं, तिळगूळ दिला. तिने तो घेतला, अर्धा मोडून छबीच्या तोंडात घातला. तिच्या चेहऱ्यावर रुसवा असता तर मला सोपं गेलं असतं. समजूत काढता आली असती, पाठीवरून हात फिरवता आला असता. पण ती रुसलेली नव्हतीच. माझ्याकडे त्या न हलणाऱ्या डोळ्यांनी बघत होती, वहीत एखाद्या उपायावर काट मारायच्या आधी बघायची तशी. महिनाभर तिच्या डोक्यात काहीतरी चाललेलं होतं आणि ते अडलेलं होतं.

“बाई,” तिने विचारलं, “त्या दिन तुम्हले काय अडचन व्हती?”

तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. टोमणा नव्हता, आठ वर्षांच्या पोरीला टोमणा येत नाही. झोळी बरोबर होती, दोरी बरोबर होती, छबी झोपलेली होती, बाईंनी स्वतः उत्तम लिहिलेलं होतं. तरी उपाय चालला नाही, म्हणजे बाईंची काहीतरी अडचण असणार, जी पानावर लिहायची राहून गेली. माझ्यापुढे खरं वाक्य तयार होतं. मला तुझी लाज वाटली. पाच शब्दही नव्हते पुरते.

“जागा नव्हती गं,” मी म्हणाले. “साहेबांची खुर्ची, तक्ते, इतकी पोरं. ओसरीत जागाच नव्हती.”

तिचा चेहरा उजळला. कोडं सुटल्यासारखा नव्हे, कोडं मिळाल्यासारखा. हातातली पऱ्हाटी तिने खाली ठेवली आणि अंगणातल्या मातीवर बोटाने शाळा काढली. दोन खोल्या, ओसरी, खिडकी.

“झोयी ओसरीमा नको मंग. लिंबले बांधसूत. दोरी लांब करनी पडी, मना बापकडे सूत शे.” तिने रेघ ओढली. मग स्वतःच मान हलवली. “नही ते कपाट भाईर काढाले लागी, म्हंजे जागा व्हई.” आईने आतून चहाचं विचारलं, मी नको म्हणाले. छबी मातीतल्या शाळेवर हात मारायला लागली, इंदूने तिचा हात धरून ठेवला आणि बराच वेळ त्या रेघांकडे बघत राहिली. मग तिने ओसरी पुसली, खिडकी पुसली, आणि मान वर केली.

“बाई, सोपं शे,” ती म्हणाली. “ज्या दिन साहेब येतीन, त्या दिन मी येवाव नही. बाकीना दिन येसू. चाली ना?”

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. जूनमध्ये मी तिथे नसणार होते, आणि हो म्हटलं तर उरलेले चार महिने रोज सकाळी ती त्या खिडकीजवळ बसून माझ्याकडे बघणार होती.

“बघू,” मी म्हणाले आणि चप्पल घालून निघाले.